तुम्ही विचारलंत म्हणून: “हे 432 वर आहे ना?”

योगवर्गासाठी मंत्रजपाचं रेकॉर्डिंग हातात दिलं की उच्चार कसे आहेत, लय पळते का, हे कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न ठरलेला: “हे 432 वर आहे ना?” 432 हर्ट्झला लावलेलं संगीत प्राचीन आणि मन शांत करणारं, असा समज आहे. एकदाच सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वेळी हेच वाचायला देता येईल.

432 हा षड्ज, म्हणजे गाण्याचा ‘सा’, नव्हे. पेटीची पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, 440 ऐवजी 432 हर्ट्झला लावायची, एवढाच त्याचा अर्थ. उतार 32 सेंटांचा. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. आपल्याकडे षड्ज गळा बघून ठरतो, कुणाचा काळी एक, कुणाचा पांढरी चार. मग ‘प्राचीन 432’ आलं कुठून? ओमचा स्वर 136.1 हर्ट्झ, या दाव्याचंही तसंच. पृथ्वीच्या सूर्यप्रदक्षिणेची वारंवारता 32 सप्तकं वर नेली, म्हणजे 32 वेळा दुप्पट केली, की 136.10 येते, हा स्विस हान्स कौस्टो यांचा हिशेब. गणित बरोबर आहे, वेदांचा संबंध नाही. 432च्या मापात काळी एक 136.07ला पडते, म्हणून हे दोन दावे एकमेकांना टेकू देतात.

थोतांड, असं मी पूर्वी तोंडावर म्हणायचे. आता म्हणत नाही, त्याला एक फाइल कारण आहे.

‘ॐ नमः शिवाय’, 22 मिनिटं, काळी एक. तक्रार अशी की शवासनात ऐकवत नाही, डोक्यात काहीतरी घुमतं. पेटी आणि आवाज 440च्या मापात, म्हणजे षड्ज 138.6. तानपुरा मात्र कुठूनतरी उतरवलेला ‘432’चा, षड्ज 136.1. दोन षड्ज एकत्र, म्हणून सेकंदाला अडीच हेलकावे, सलग 22 मिनिटं! घुमणार नाही तर काय? तानपुरा सॉफ्टवेअरने 32 सेंट वर ढकलून बघितला, तर जवारी, म्हणजे तारेचा झणकार, पाणचट झाली. शेवटी तानपुऱ्याच्या ॲपवर काळी एक बरोबर लावून नव्याने भरला.

घुमणं गेलं, पण गंधारावर, म्हणजे ‘ग’वर, कचकच राहिली. 432च्या वादात हे कुणाच्या कानावर येत नाही. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो तो षड्जापासून 386 सेंटांवर. पेटीचा गंधार 400वर. वरच्या सप्तकात तारेतला 346.5 हर्ट्झ, पेटीतला 349.2. पुन्हा हेलकावे, सेकंदाला पावणेतीन. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला दार बंद ठेवलं, त्यामागे पेटीच्या बांधलेल्या स्वरांची ही तक्रारही होती. डॉ. विद्याधर ओक यांची 22 श्रुतींची, म्हणजे सप्तकातले 22 सूक्ष्म स्वर देणारी, पेटी यावरचा उपाय आहे खरी, पण रेकॉर्ड झालेल्या पेटीच्या पट्ट्या कोण बदलणार? त्यात गाणाऱ्या बाईंनी गंधार तानपुऱ्यालाच लावला होता, आणि कुणीतरी ऑटोट्यून, म्हणजे आवाज पेटीच्या स्वरांवर ओढणारं सॉफ्टवेअर, फिरवून तो 14 सेंट वर ओढलेला. म्हणजे सुरेल गळा ‘दुरुस्त’ करून बेसूर केलेला. मूळ आवाज मागवला, ऑटोट्यून काढलं, गंधार येईल तिथे पेटी 6 डेसिबल खाली घेतली, बाकी जागी षड्ज-पंचम धरून ठेवले. या कामाला दोन दिवस गेले.

तरी मागणी 432चीच होती. ती शेवटी पुरी करायची असते, सगळं मिक्स झाल्यावर, आणि सबंध मिक्सचा वेग 0.9818 पट करून. वेळ तेवढीच ठेवून नुसता स्वर उतरवला की तबल्याची चाट, म्हणजे काठावरचा ठोका, बोथट होते. वेग कमी केला तर तसलं काही बिघडत नाही, फक्त 22 मिनिटांची 22 मिनिटं 24 सेकंद होतात. सुटे ट्रॅक वेगवेगळे उतरवू नका; एखादा राहून जातो आणि पुन्हा दोन षड्ज होतात.

फाइल गेली. उत्तर आलं: “432चा फरक लगेच जाणवला, आता सगळे शांत पडून असतात.” ते दोन दिवस, तो गंधार, कशाचाच उल्लेख नाही. चिडले मी, खोटं कशाला बोलू. हा फरक तानपुऱ्याचा आहे, असं लिहायला घेतलं आणि थांबले. कारण वेग खरंच पावणेदोन टक्क्यांहून जास्त कमी झाला होता. दहा सेकंदांचा ओंकार 10.2 सेकंदांचा झाला, उच्छ्वास तेवढा लांबला. त्याचा काहीच वाटा नसेल, हे कशाच्या जोरावर म्हणू?

पडताळायचं तर दुरुस्त केलेलं तेच मिक्स 440 आणि 432, दोन्हींवर, न सांगता ऐकवायला हवं. आजवर 440ची प्रत कुणी मागितलेली नाही.