निर्दोष ध्वनिमुद्रणांवरचा शेरा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका संगीत मंडळाने घराघरांतून खासगी बैठकींची ध्वनिमुद्रणे गोळा करून ती संगणकावर उतरवण्याचे काम हाती घेतले आहे. प्रत्येक मुद्रण ऐकून नोंदवहीत त्याविषयी शेरा लिहिण्याची जबाबदारी एका निवृत्त संगीतशिक्षिकेकडे आहे. त्यांना सगळे बाई म्हणतात. मला बोलावणे आले ते संगणकाचा ध्वनी पुढे नेणाऱ्या ऑप्टिकल केबलसाठी. तानपुरा मध्येच फाटतो, तेव्हा केबल बदलून बघा, असा चिटणीसांचा निरोप होता, आणि ती केबल त्याआधीच एका दुकानदाराने बदलून चढ्या किमतीची नवी त्यांच्या गळ्यात मारलेली होती.

ऊठसूट ऑप्टिकल केबलवर संशय घेणे हा आमच्या ध्वनियंत्रणा दुरुस्तीच्या धंद्यातला आळस आहे. तोशिबाने 1983 मध्ये आणलेल्या या जोडणीतून लाल प्रकाशाच्या उघडझापीने निव्वळ आकडे जातात. केबल बिघडली तर टकटक येते, आवाज तुटतो किंवा पूर्ण बंद पडतो. गायकाचा गळा स्वच्छ ठेवून फक्त तानपुऱ्याची आस, म्हणजे तार छेडल्यावर रेंगाळणारा नाद, खरखरीत करणे तिला शक्य नाही.

बाईंची तक्रार मात्र अगदी नेमकी होती. "गाणं चालू असतं तेव्हा काही जाणवत नाही. बुवा श्वासाला थांबले की जोडीच्या तारांची आस विरत जायला हवी, ती चुरचुरते आणि एकदम तुटते. जुन्या टेपांत सूं आवाज आहे, पण तानपुरा कसा सलग आहे बघा." चिटणीसांनी मला बाजूला घेऊन बाईंचे आता वय झाले असे सुचवले. मला ते मुळीच रुचले नाही. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकाराने 1918 मध्ये ज्या गावात माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, त्या गावात तानपुरा लावण्यात हयात गेलेल्या बाईच्या कानावर अविश्वास दाखवायचा, तर निदान आधी तपासणी तरी करायला हवी.

मांडणी अशी होती : लिनक्सवर चालणारा छोटा संगणक, त्यातून ऑप्टिकल केबलने डॅक, म्हणजे आकड्यांचे पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करणारे उपकरण, आणि डॅकमधून थेट पॉवर ॲम्प्लिफायर. आवाज कमीजास्त करण्याचे बटण डॅकलाही नव्हते आणि ॲम्प्लिफायरलाही नव्हते. विकणाऱ्याने "मध्ये काहीही नको, आवाज शुद्ध राहतो" असे सांगून सभागृहात शोभतील असे जोरकस स्पीकर वाड्यातल्या माडीवरच्या एका खोलीत बसवले होते. पूर्ण आवाजात त्या खोलीत क्षणभरही बसवले नसते. म्हणून आवाज कमी करण्याचे सगळे काम संगणकातल्या पट्टीवर येऊन पडले होते आणि ती पट्टी कायम तळाशी, उणे 40 डेसिबलच्या (म्हणजे पूर्ण आवाजापेक्षा 40 डेसिबल खाली) आसपास, ठेवलेली असे.

हा सगळा गुंता बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. संगणकाच्या डिजिटल आउटपुटला मुळात आवाजाची पातळी कमीजास्त करणारे यंत्रच बहुधा नसते. त्या मार्गाने ध्वनीच्या प्रत्येक नमुन्याचा, म्हणजे क्षणोक्षणी घेतलेल्या मापाचा, आकडा पलीकडे जातो आणि तो किती मोठ्याने ऐकवायचा हे पलीकडच्या उपकरणाने ठरवावे अशी अपेक्षा असते. ॲपलच्या संगणकावर ऑप्टिकल किंवा एचडीएमआय निवडले की आवाजाची पट्टी बहुधा फिकी पडून हलेनाशी होते. लोक त्यावर चिडतात, पण मला ते वागणे सरळ वाटते, कारण जे करता येत नाही ते तिथे उघड दिसते. लिनक्सवर अल्सामिक्सर हा आवाजाच्या पातळ्या दाखवणारा प्रोग्राम उघडला तर एसपीडिफच्या, म्हणजे या डिजिटल आउटपुटच्या, खाली फक्त चालू-बंदची चौकट दिसते, तिच्यावर उभा दांडा नसतो. मंडळाच्या संगणकावर मात्र शेजारी एक दांडा होता. तो पाहिला तेव्हाच दुखणे कुठे असेल याचा मला अंदाज आला.

कोणीतरी 'सॉफ्टव्हॉल' हा आवाज कमी करणारा सॉफ्टवेअरचा तुकडा जोडून दिला होता. ही सोय वाईट नाही. मूळ मांडणीत ती शून्यापासून उणे 51 डेसिबलपर्यंत आवाज उतरवते. पण ती हे काम केवळ अंकगणिताने करते : प्रत्येक आकड्याला अपूर्णांकाने गुणते आणि उरलेली बाकी टाकून देते. 40 डेसिबल कमी करणे म्हणजे प्रत्येक आकडा शंभराने भागणे. 16 बिटांच्या ध्वनीत शून्याच्या प्रत्येक बाजूला सुमारे 32,768 पायऱ्या असतात. ग्वाल्हेर गायकीतला खुला आवाज आणि मुसंडी मारणारी सपाट तान ज्याने कधी मुद्रित केली आहे, तो जाणकार माणूस पातळी बेताचीच ठेवतो, कारण तान वर गेली आणि माथा कापला गेला तर तो पुन्हा जोडता येत नाही. अशा मुद्रणात गाण्याच्या फटींतला तानपुरा उणे 40 डेसिबलच्या जवळ असतो, म्हणजे त्याच्या वाट्याला तीनशेवीसएक पायऱ्या येतात. त्यांना शंभराने भागले की उरतात तीन. तार विरू लागली की दोन, मग एक, मग काही नाही.

अंदाजावर थांबणे मला पटत नाही. त्यामुळे डॅकची केबल काढून ती माझ्या लॅपटॉपच्या डिजिटल इनपुटला लावली आणि 1000 हर्ट्झचा शुद्ध सूर, तानपुऱ्याच्याच पातळीवर, त्याच पट्टीतून सोडला. पकडलेली लहर पडद्यावर मोठी करून बाईंना आणि चिटणीसांना दाखवली. गोलाई नावालाही नव्हती. मोजून काही सपाट ओटे आणि त्यांच्यामध्ये उभे कडे. सूर आणखी उतरवला तेव्हा एकाच पायरीची उघडझाप राहिली, आणि त्याखाली सरळ रेघ. बाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हेच ऐकू येत होतं मला." चिटणीस काही बोलले नाहीत.

पुढचा भाग मला अजून सोडत नाही. टेपवरून उतरवलेल्या मुद्रणांत फितीचा सूंकार असतो. तो उणे 50 डेसिबलच्या आसपास धरला, तर 40 डेसिबल उतरवल्यावरही शेवटच्या पायरीइतका शिल्लक राहतो, आणि त्याच्या अनियमित हालचालीमुळे तानपुऱ्याचा बारीक सूर पायऱ्यांवर अडकून न बसता सरासरीने शाबूत राहतो. ध्वनिमुद्रणाच्या शास्त्रात हेच काम मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म गोंगाटाकडून करून घेतात आणि त्याला डिदर म्हणतात. सॉफ्टव्हॉल ते करत नाही. ज्या मुद्रणांत सूंकार नव्हता, म्हणजे चांगल्या डिजिटल रेकॉर्डरवर, शांत खोलीत, काळजीपूर्वक पातळी ठेवून केलेली होती, त्यांच्या मदतीला असे काहीच नव्हते. जेवढे मुद्रण निर्मळ, तेवढा त्याचा तानपुरा जास्त फाटला. नोंदवहीत सदोष टेपांपुढे "ठीक, संग्रहात घ्यावे" असे शेरे होते, आणि सर्वोत्तम मुद्रणांपुढे, बाईंच्या सुवाच्य अक्षरात, "तानपुरा सदोष, घेऊ नये".

दुरुस्ती थोडक्यात झाली. मांडणीच्या फायलीत बदल करून ध्वनी आधी 32 बिटांत न्यायचा, मग पट्टी लावायची आणि डॅककडे 24 बिट पाठवायचे. एसपीडिफमधून तेवढे जातात आणि तो डॅक ते घेत होता. 16 च्या जागी 24 बिट म्हणजे प्रत्येक जुन्या पायरीचे 256 भाग. 40 डेसिबल उतरवूनही तानपुऱ्याच्या वाट्याला आता शेकड्यांनी पायऱ्या राहतात. मी बाईंना न सांगता जुनी आणि नवी मांडणी आलटून पालटून लावली. आवाजाची पातळी दोन्हींत सारखीच होती, तरी त्यांनी प्रत्येक वेळी बरोबर ओळखले.

तरीही डॅक आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये आवाजाचे एक साधे, हाताने फिरवायचे बटण बसवा, असे मी लेखी दिले आहे. तिथे कमी केलेल्या आवाजाबरोबर डॅकचा स्वतःचा गोंगाटही खाली जातो, आणि मुख्य म्हणजे एखाद्या नव्या प्रोग्रामने पट्टी ओलांडून थेट डॅककडे ध्वनी पाठवला तर पूर्ण ताकदीचा आवाज स्पीकरवर आणि समोर बसलेल्यांच्या कानांवर आदळणार नाही. हा खर्च नव्या केबलच्या किमतीपेक्षा कमी आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत तो मंजूर होईल असे चिटणीस म्हणतात. ज्याने मध्ये काही नको म्हणून सांगितले, त्या विकणाऱ्याला ऐकणारा माणूस आवाज कमी कुठे करणार हा प्रश्न सुचला नाही, याचा मला मनापासून राग आहे.

नाकारलेल्या मुद्रणांच्या फायली मंडळाने ठेवल्या नव्हत्या. जागा वाचवण्यासाठी त्या पुसल्या गेल्या आणि रेकॉर्डरची मूळ मेमरी कार्डे ज्याच्या त्याच्या घरी परत केली गेली. बाईंनी स्वतः त्या घरांना फोन लावायला घेतले आहेत. एका घरच्या सूनबाईंनी कार्ड जपून ठेवले होते. दुसरीकडे त्याच कार्डावर मुंजीचे चित्रीकरण करून झाले आहे. काहींकडून अजून उत्तर यायचे आहे. नोंदवहीतले शेरे खोडावेत की तसेच ठेवावेत, असे बाईंनी मला विचारले. मी म्हणालो, खोडू नका, तुम्ही जे ऐकलेत ते खरेच होते. त्यांनी प्रत्येक जुन्या शेऱ्याखाली "दोष मुद्रणाचा नव्हे, ऐकवणाऱ्या मांडणीचा" असे लिहून तारीख घातली आणि माझी सही मागितली. ती मी केली, आणि सहीखाली पट्टीची जुनी पातळी आणि बिटांची संख्या लिहून ठेवली.