चटणी, फुलार आणि अण्णांचं भिंग

इंद्रायणी एक्सप्रेसने दुपारी सोलापूरला उतरले आणि पहिल्याच जेवणात घोळ घातला. कडक भाकरी मोडताना शेंगदाण्याच्या चटणीतलं तेल थेट गळ्यातल्या स्कार्फवर. मावशीने फ्रान्सहून आणलेला, गर्द निळ्यावर बारीक पिवळी फुलं. (एप्रिलमध्ये सोलापुरात रेशीम मिरवलं की असंच व्हायचं.)

त्याच अवतारात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले. मैत्रिणीच्या ओळखीचा कारखाना, चादरी बघायच्या होत्या. मागांची खडखड इतकी की कानाशी येऊन बोलावं लागतं. मालकांना सगळे अण्णाच म्हणतात; कामगारांशी तेलुगू, माझ्याशी मराठी. चादर राहिली बाजूला, त्यांनी माझा स्कार्फच मागून घेतला. आधी उलटा केला. मग खिशातून धागे मोजायचं भिंग काढून त्यावर टेकवलं.

"बघा ताई, तिरप्या रेघा दिसतात?"

दिसल्या. उघड्या डोळ्यांना नुसतं गुळगुळीत वाटणारं कापड भिंगाखाली तिरकं चाललं होतं.

"ट्विल आहे. आडवा धागा दोन उभ्यांवरून जातो, दोघांखालून जातो, आणि पुढच्या ओळीत एक घर सरकतो. म्हणून अंगाला मऊ पडतं."

या कापडाला फुलार म्हणतात, हे मी सांगितलं. फ्रेंचमध्ये गळ्याच्या रुमालालाही हाच शब्द. हलकं रेशीम, त्यावर लहान लहान छापील नक्षी. टायसुद्धा याचे होतात.

"छापील, तेच म्हणतो. मागून फिकी आहेत फुलं." अण्णांनी शेजारची चादर उलटी केली. सुलट बाजूला पांढऱ्यावर लाल मोर, उलट बाजूला लालवर पांढरा. "आमची नक्षी विणतानाच येते. ती बघा, वर."

मागाच्या डोक्यावर जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणायच्या यंत्राच्या, भोकं पाडलेल्या पट्ट्यांची माळ टकटक पुढे सरकत होती. कुठला उभा धागा उचलायचा, ते त्या भोकांवर ठरतं. १८७७ साली इथली जुनी मिल निघाली, तेव्हापासून हे शहर कापडावर जगलंय. माझ्या फुलांना इथे भाव मिळेल ही अपेक्षाच चूक.

डागावर मात्र अण्णांनी टाल्कम पावडर थापायला लावली. "रात्रभर राहू द्या. चोळू नका."

डबल बेडची मोराची चादर घेतली. सकाळी पावडर झटकली. डाग बराच गेला, लसणाचा वास अजून आहे.