कॉन्स्टँटिनोपलपाशी अडलेली गाडी

आज सातवीच्या एक्स्ट्रा सपोर्टवाल्या ग्रुपचा इतिहासाचा तास, आणि सगळ्यांची गाडी एकाच शब्दापाशी अडली, कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. एकाने धडाक्यात 'कॉन्स्टेबल' वाचलं आणि मग काय, तुर्कांनी कॉन्स्टेबल जिंकून घेतला म्हणून नुसता धिंगाणा. मी पण हसले, कशाला खोटं बोलू.

पण ही चूक नीट बघण्यासारखी असते. सुरुवातीची दोन अक्षरं बघायची आणि उरलेला शब्द अंदाजपंचे ठोकून द्यायचा, ही सवय लहानपणीच्या गोष्टींमध्ये खपून जाते कारण तिथे अंदाज बरोबर निघतो, इतिहासाच्या पुस्तकात नाही खपत. मग शब्द बोर्डवर तोडून लिहिला, कॉन्स्, टँ, टि, नो, पल, एकेक तुकडा झाकत झाकत वाचला, हळू, मग जरा भरभर, मग पूर्ण वाक्यात. 'तुर्क'चं 'तुक्र' होत होतं, म्हणजे रफार डोक्यावर दिसतो पण आधी म्हणायचा हे अजून पक्कं नाहीये. सातवीतल्या मुलाला रफार शिकवायला लागतो यात मला काही कमीपणा वाटत नाही, त्याला मात्र वाटतो, म्हणून तो 'तुर्क' आणि 'मार्ग'मधूनच शिकवायचा. चिऊकाऊचं पुस्तक पुढे ठेवलं की बारा-तेरा वर्षांचं पोर वही मिटूनच टाकतं, आणि बरोबरच आहे त्याचं.

शब्द सुटले तरी वाक्य सुटत नाही ही पुढची कटकट. 'व्यापारी मार्ग खंडित झाल्याने पर्यायी सागरी मार्गांचा शोध घेणे आवश्यक ठरले' असल्या वाक्यात माणूसच कुठे नाही! शोध कोण घेतंय, कोणाला आवश्यक ठरलं? आम्ही प्रत्येक वाक्याला तीनच प्रश्न विचारतो, कोणी, काय केलं, का. उतारा सोपा करताना मी अवघड शब्द काढत नाही, लांब वाक्यं तोडते. शब्द काढले तर ते परत भेटणार कुठे?

वाचनाचे अभ्यासक गफ आणि टनमर यांनी १९८६ साली मांडलं होतं की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणिले, अधिक नाही, म्हणजे एक शून्य असेल तर सगळंच शून्य. स्टाफरूममध्ये 'त्याला काही कळत नाही' असं सर्रास बोललं जातं तेव्हा मला हे आठवतं, कारण बऱ्याचदा दुसरा आकडा, म्हणजे भाषा समजणं, चांगला दणदणीत असतो, कोणी तपासलेलाच नसतो. आणि १९८८ चा रेख्त आणि लेस्ली यांचा तो बेसबॉलवाला प्रयोगही सातवी-आठवीच्याच मुलांवर होता. वाचनात कच्ची पण खेळाची माहिती असलेली मुलं त्या मॅचच्या उताऱ्यात वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. म्हणून वाचन कच्चं आहे म्हणून इतिहासाच्या तासातून उठवून वेगळं वाचन घ्यायला बसवणं मला पटत नाही, पुढचा उतारा समजायला जी माहिती लागणार तीच काढून घेतल्यासारखं आहे ते.

तर आज नकाशा लावला, कॉन्स्टँटिनोपल कुठे, मसाले कुठून यायचे, रस्ता बोटाने दाखवला, १४५३ ला तुर्कांनी शहर घेतलं, व्यापार अडला, युरोपवाले समुद्राकडे वळले. आणि तो कॉन्स्टेबलवाला म्हणतो, "मॅडम, पण तुर्कांना पण पैसे पाहिजेच असतील ना, मग ते व्यापार कशाला बंद करतील?"

मी दोन सेकंद गप्पच. कारण खरंच पूर्ण बंद नव्हताच केला! १४५४ मध्येच व्हेनिसने ऑटोमन, म्हणजे याच तुर्कांच्या, सुलतानाशी व्यापाराचा करार केला होता, आणि पोर्तुगीज तर १४५३ च्या कितीतरी आधीपासून आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली सरकत होते. धड्यातली सरळसोट एक ओळ आणि या पोराने तिथेच बोट ठेवलं. हे सगळं सांगितलं तर म्हणतो, "मग पुस्तकात का नाही लिहिलं?" बाकीचे पण सरसावून बसले.

लिहिताना नेहमीची रड. तोंडी फाडफाड, वहीत दीड ओळ. मी एकच सुरुवात देते आणि शेवट तीन मागते, 'तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, कारण', मग 'पण', मग 'म्हणून'. 'म्हणून' सगळ्यांना जमतं. 'कारण'ला निम्मे पुस्तकात डोकावतात. 'पण'ला खरा कस लागतो, तिथे उतारा कामाला येत नाही. कॉन्स्टेबलवाल्याने लिहिलं, 'पण व्यपार पुर्ण बंद नाही झाला त्याना कर पाहीजे होता'. आज मी फक्त 'व्यापार' दुरुस्त केला, तो शब्द उद्या परत लागणारे. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, पूर्णविराम नंतर बघू, सगळं एकदम लाल केलं की पुढच्या वेळी अर्धीच ओळ येते.

युनिट टेस्टमध्ये मात्र याच उत्तराला शुद्धलेखनाचे मार्क जाणार, वर वेळही पुरणार नाही. इतिहासाचा पेपर तोंडी घ्या, वाचन-लेखन वेगळं तपासा, असं मीटिंगमध्ये परत मांडायचंय, मागच्या वेळी 'बघू' म्हणाले होते.

उद्या वास्को द गामा, १४९८. 'केप ऑफ गुड होप' आहे त्यात, तुकडे आधीच पाडून ठेवते.