१२० सेकंद

दुपारची वेळ, इलिनॉयमधलं आमचं उपनगर संपून मक्याची शेतं सुरू होतात तो चौक. चारही रस्त्यांवर चिटपाखरू नाही. मोटरसायकलवर मी, आणि समोर लाल दिवा. हिरवा व्हायचं नाव घेईना.

इथले बरेच सिग्नल नुसत्या घड्याळावर चालत नाहीत. रस्त्यात चर पाडून तारेचं वेटोळं पुरलेलं असतं, त्यात वीज खेळत असते. वर गाडी उभी राहिली की तिच्या धातूमुळे सिग्नलला कळतं, कुणीतरी आलंय. मोटरसायकलचा धातू तो केवढा! चराच्या काळ्या रेघेवरच चाकं ठेवावीत, म्हणजे दिसण्याची थोडी आशा. काहीजण गाडीखाली लोहचुंबक चिकटवतात. उपयोग शून्य, पण विकणाऱ्यांचं बरं चाललंय.

लहानपणी चेतकवर मी पुढे उभा, मागे बाबा. अलका टॉकीजच्या चौकात मामा उभे असत. मामांच्या नजरेला पडू नये म्हणून पुणेकर काय काय करत! कुणी आधीच गल्लीत वळे, कुणी बसच्या आडोशाने निघे. बाबा इंजिन बंद करून सरळ समोर बघत बसत, लायसन्स खिशात असूनही. आणि आता मी सिग्नलला दिसावं म्हणून गाडी पुढे-मागे करतोय.

तेवढ्यात मागे एक बाई मिनीव्हॅन घेऊन आल्या आणि सभ्यपणे चांगल्या लांब थांबल्या, वेटोळ्याच्या अलीकडेच. मी पुढे सरकून, पंगतीला आग्रह करावा तसं दोन्ही हातांनी "या, या" केलं. त्यांनी काचा वर घेतल्या.

कायदा माझ्या बाजूने आहे, नाही असं नाही. २०१२ साली इलिनॉयने मोटरसायकल आणि सायकलवाल्यांना मुभा दिली. आता त्यात निदान १२० सेकंद थांबायची अट आहे. तरी दिवा बदलला नाही तर नीट बघून निघा. दिवा दखल घेत नाही त्याचं कारण कायद्याने लिहिलंय, वाहनाचा आकार किंवा वजन. वजन! वेटोळं म्हणजे वखारीतला काटा नव्हे, पण आमदारांना कोण सांगणार. शेजारच्या विस्कॉन्सिनात ४५ सेकंद पुरतात. मिनेसोटाने २००२ मध्ये केलेली सोय तर आणखी मजेशीर: दंडाची पावती मिळाली, की कोर्टात बचाव म्हणून सांगता येतं, दिव्याने मला ओळखलंच नाही हो.

पण १२० मोजायचे कसे? इथे आकडे दाखवणारा टायमर नाही. मी मराठीत मोजतो, आणि एकोणसत्तर की एकोणऐंशी यात दर वेळी अडकतो.

आणि हो, २० लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहराला ही मुभा नाही. असं शहर राज्यात एकच, शिकागो. तिथे मनाईची पाटी नसेल तर लालवरच उजवीकडे वळावं, पुढे यू-टर्न घ्यावा, पुन्हा उजवीकडे. खरं सांगायचं तर मी इथेही तेच करतो.