तुम्ही विचारलंत म्हणून: चेरी श्रिंप का मरतात?

'दुकानातून दहा-बारा चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीत पाळायच्या छोट्या लाल कोळंब्या, आणल्या. टाकीतले गप्पी ठणठणीत आहेत, पाणी स्वच्छ आहे, दर आठवड्याला बदलतो, मग कोळंब्याच एकेक करून का जातात?' हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि बहुतेकदा कळवळून. विचारणाऱ्याने हयगय केलेली नसते. उलट फार काळजी घेतलेली असते, आणि दुखणं बऱ्याचदा त्या काळजीतच असतं.

कोळंबीचं सगळं आयुष्य कात टाकण्याभोवती फिरतं. कवच वाढत नाही, आतली कोळंबी वाढते. म्हणून जुन्या कवचाखाली ती नवं, मऊ कवच तयार करते. मग अंगात पाणी ओढून घेऊन फुगते, मानेपाशी जुनं कवच उकलतं आणि एका झटक्यात ती त्यातून उसळून बाहेर पडते. पिल्लं आठवड्याभरात कात टाकतात, मोठ्या साधारण 3-4 आठवड्यांनी. तळाशी पडलेलं पारदर्शक कवच पाहून 'मेली' म्हणून ते काढून टाकू नका. त्यातले क्षार त्या कुरतडून परत घेतात.

हे बाहेर पडणं फसलं की कोळंबी वाचत नाही. मानेभोवती पांढरं कडं दिसलं, तर ती कातीत अडकली आहे असं समजा. मला याची दोन कारणं वारंवार दिसतात. एक, पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम पुरेसं नाही. दोन, पाणी एकदम बदललं. निम्मी टाकी उपसून ताजं पाणी ओतलं की क्षारांचं प्रमाण अचानक पालटतं, आणि खालचं कवच तयार व्हायच्या आत कात सुटू लागते. गप्पीला याचं काहीच वाटत नाही, म्हणून दोष पाण्याचा आहे हे लक्षातही येत नाही. मी आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलते, तेही बारीक नळीतून हळूहळू सोडून. नव्या कोळंब्या आणल्या तर पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी असंच थेंबाथेंबाने तासभर तरी मिसळू देते. पिशवी फोडून थेट ओतणं मला बघवत नाही.

आता पाणी कुठलं, हे महत्त्वाचं. मुंबईत नळाला येतं ते भातसा, वैतरणा, तानसाचं साठवलेलं पावसाचं पाणी. त्यात क्षार फार थोडे. पुण्यात किंवा नाशकात बोअरवेलवर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तिथे उलटी गत. एकाच दुकानातल्या कोळंब्या दोन घरांत वेगळ्या वागतात त्या यामुळे. घरचा आरओवाला जो टीडीएस मीटर आणतो तसाच एक घेऊन ठेवा. चेरी श्रिंपला 150 ते 250 च्या आसपास बरं पडतं. पण तो आकडा एकूण विरघळलेल्या पदार्थांचा आहे, त्यात कॅल्शियम किती हे तो सांगत नाही; त्यासाठी जीएचचं, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मापाचं, टेस्ट किट लागतं, आणि जीएच 6 ते 8 मध्ये असावा. पाण्यात क्षार कमी असतील तर श्रिंपसाठीची मिनरल पावडर मिळते. पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेनाचा तुकडाही टाकीत ठेवता येतो, तो हळूहळू कॅल्शियम सोडतो. मॅग्नेशियमसाठी मात्र पावडरच हवी. टाकी भरताना किंवा पाणी बदलताना नुसतं आरओचं पाणी, काहीही न मिसळता, कधीच वापरू नका.

दुसरं मोठं कारण पाण्यात नसतं, हवेत असतं. डासांची कॉइल, प्लगमध्ये लावायचं लिक्विड, पेस्ट कंट्रोलचा फवारा यांत पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं असतात. कोळंबी कीटकांच्या जवळच्या कुळातली, त्यामुळे डासाला जे मारतं ते तिलाही मारतं. टाकीचा एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो हे लोक विसरतात. माझ्या टाकीच्या खोलीत यातलं काहीही लावलं जात नाही, खिडकीला जाळी आहे. बाजारातला पालक उकळत्या पाण्यातून काढून कोळंब्यांना घालतात, त्यावरही फवारणी असतेच. दारच्या कुंडीतला, न फवारलेला असेल तरच घाला.

तांब्याचंही तसंच. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं थोडंसुद्धा तिला सोसत नाही. माशांच्या आणि शेवाळाच्या पुष्कळ औषधांत तांबं असतं, बऱ्याचदा मोरचुदाच्या रूपात. बाटलीवरचं वाचल्याशिवाय थेंबही टाकू नये.

नव्या टाकीबद्दल थोडक्यात: स्पंज फिल्टर लावून, जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झाड) घालून ती किमान 4-6 आठवडे कोळंबीशिवाय चालवा. टाकीतल्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू तेवढ्यात बसतात. काचेवर, पानांवर धरणारा बुळबुळीत थर घासून काढू नका, पिल्लांचं मुख्य अन्न तेच. आपल्या रस्त्याकडेच्या देशी बदामाचं वाळून गळलेलं पान असा थर धरायला उत्तम. उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर गेलं की मी वरून छोटा पंखा लावते. बाष्पीभवनाने 2-3 अंश तरी उतरतं. आटलेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या पाण्याने घालायची, कारण क्षार आटत नाहीत. नुसतं आरओचं पाणी चालतं ते एवढ्यापुरतंच.

एवढं सांभाळलं की पुढचं त्या स्वतः करतात. मादीच्या मानेमागे पिवळसर डाग दिसतो, ती अंडाशयातली अंडी. पुढची कात टाकली की नर टाकीभर सैरावैरा पोहत तिला शोधतात, आणि मग ती वीस-तीस अंडी पोटाखाली धरून पायांनी सतत वारा घालत राहते. तीनेक आठवड्यांनी बाहेर येणारी पिल्लं जेमतेम 2 मिलिमीटरची, पण हुबेहूब आईसारखी. अमानो श्रिंप या दुसऱ्या पाळीव जातीचं तसं नाही. तिच्या अळ्यांना खारं पाणी लागतं, त्यामुळे घरच्या गोड्या पाण्यात तिची पिल्लं होत नाहीत. सुरुवात करणाऱ्याला मी चेरीच सांगते ती म्हणूनही.

लाल, निळ्या, पिवळ्या एकत्र सोडू का, असं पुढे विचारतात. सगळी एकच जात आहे. चीन-तैवानकडची मूळ कोळंबी तपकिरी, हे रंग माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून आणलेले. मिसळलं तर काही पिढ्यांत पुन्हा तपकिरी होतील.

आणि फार झाल्या म्हणून ओढ्यात, विहिरीत सोडू नका. जर्मनीत वीज केंद्राच्या कोमट पाण्यावर वाहणाऱ्या गिलबाख ओढ्यात चेरी श्रिंपने असंच बस्तान बसवलं आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत आपल्या स्वतःच्या छोट्या कोळंब्या आहेत, त्यांच्या घरात ही परकी जात आणि तिचे रोग घालू नका. जास्त झालेल्या दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. देताना त्याच्या पाण्याचा टीडीएस आधी विचारा.