स्वतःबद्दल थोडं सांगा

मुलाखतीतला सगळ्यात अवघड प्रश्न पहिलाच असतो, आणि तो धड प्रश्नही नसतो. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ.’ बाकीचं एक वेळ घोकून जाता येतं, पण स्वतःबद्दल चांगलं बोलायची सवय आपल्याला लावलीय कुणी? समर्थांनी तर आपली आपण स्तुती करणाऱ्याला थेट मूर्खांच्या यादीत बसवलंय. त्याच ओवीत वाडवडिलांची कीर्ती सांगणाराही आहे. म्हणजे तीही वाट बंद.

माझी भाची सध्या आमच्याकडे ठाण्याच्या नौपाड्यात राहून नवी मुंबईत ऐरोलीच्या एका कंपनीतल्या मुलाखतीची तयारी करतेय. साहेब व्हायचं काम माझ्याकडे आलंय. जेवणाच्या टेबलापलीकडून मी गंभीर आवाजात म्हणते, “स्वतःबद्दल सांगा.” ती सुरू करते, “मी मूळची चिपळूणची. बाबा बँकेत, आई घरीच असते, एक धाकटा भाऊ.”

“अगं, स्थळ आलंय का?”

मग कॉलेजच्या महोत्सवाचा विषय निघाला. सगळा हिशेब हिनं सांभाळला होता, हे मला तिच्या आईकडून माहीत. हिच्या तोंडून मात्र “आम्ही सगळ्यांनी मिळून केलं.” मी म्हटलं, परिस्थिती काय होती, तुझ्याकडे काय आलं, तू काय केलंस आणि त्यातून काय झालं, एवढं क्रमानं सांग. याच चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांना हल्ली ‘स्टार’ पद्धत म्हणतात. तिनं तसं सांगितलं. पावत्या हरवल्या होत्या, हिनं स्टॉलवाल्यांना एकेकाला गाठून मेळ घातला, शेवटी पैसे उरले. ऐकताना मलाच तिला नोकरीवर ठेवावंसं वाटलं. गोष्ट संपताच म्हणते कशी, “पण मावशी, बाकीच्यांनीही खूप केलं गं.”

‘तुमचा दोष काय?’ याला ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर देऊ नये, एवढंच मी सांगितलं. समोरच्यानं ते सकाळपासून ऐकलेलं असतं.

माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या आजोबांना, हा सगळा खटाटोप कळत नाही. त्यांची उमेदीची वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कारखान्यात गेली. त्यांना विचारलं होतं, राहता कुठे आणि रात्रपाळी चालेल का. मग सोमवारपासून या. आता त्याच पट्ट्यात काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि आत शिरायला गळ्यात कार्ड लागतं. ठाणे-वाशी लोकल २००४ साली सुरू झाली, तरी आजोबांच्या डोक्यात अजून कंपनीची बसच आहे, त्यामुळे अकराच्या मुलाखतीला हिनं सातला निघावं असं त्यांचं मत. २०२४ला वाटेत दिघा गाव स्टेशन झालं, तरी ऐरोली ठाण्याहून दुसरंच. तरीही नातीनं आदल्या दिवशी जाऊन गेट बघून यायचं ठरवलंय. हे मात्र मला पटलं. मुलाखतीच्या दिवशी तीनचार कंपन्यांच्या सारख्याच गेटांपुढे घामाघूम होण्यात काही अर्थ नाही.

खरी गंमत पगाराची. आमच्या घरात पगाराचा आकडा कधी मोठ्यानं बोललाच गेला नाही. आईलाही फक्त हातात पडेल तेवढाच कळायचा. आणि तिथे तर अपेक्षा विचारतात, म्हणजे न मिळालेल्या पैशाचाही आकडा सांगायचा! “जे द्याल ते” म्हणणं तिला सभ्यपणाचं वाटतं. मला ते महाग पडणारं वाटतं, कारण असं म्हणणाऱ्याला खरंच जे देतील ते मिळतं. त्या कामाला बाजारात काय देतात ते आधी चारजणांना विचारून ठेव, आकडा सांग आणि गप्प बस, असं मी बजावलं. सगळ्यात कठीण ते गप्प बसणं. ती आकडा सांगते आणि लगेच पुढे “थोडं कमी असलं तरी चालेल” जोडते.

काल रात्री अखेर जमलं. मी विचारलं, “अपेक्षा काय?” तिनं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, “साडेपाच लाख.” आणि गप्प बसली. मीही गप्प. तेवढ्यात आतल्या खोलीतून आजोबा ओरडले, “महिन्याला का वर्षाला?”