साबणाला फेस येतोय

फेब्रुवारी 2018 मधला दिवस. माझ्या यादीत सहा वेलपॉइंट होते, म्हणजे वाळूतलं पाणी काढायचे घरगुती पंप, आणि चौथ्यावर सगळी दुपार गेली.

मी तेव्हा केप टाउनमध्ये भूजलाचं काम करत होते. 'डे झिरो' हा शब्द त्या उन्हाळ्यात जगभर पोचला होता. धरणांतला साठा साडेतेरा टक्क्यांवर आला की शहरातले बहुतेक नळ बंद करायचे आणि दोनशेच्या आसपास केंद्रांवर माणशी रोज 25 लिटर पाणी रांगेनं द्यायचं, अशी ती योजना होती. शेतीचा उपसा घटला आणि लोकांनीही वापर कमी केला, त्यामुळे त्या महिन्यात तारीख एप्रिलवरून मेवर आणि मेवरून जूनवर सरकली. 1 फेब्रुवारीपासून माणशी 50 लिटरची मर्यादा होती. शहरातल्या प्रत्येकाला त्या दिवशीचा धरणसाठा तोंडपाठ असायचा.

महिनाभर आधी भारताचा कसोटी सामना इथल्याच न्यूलँड्स मैदानावर झाला होता. त्यातला तिसरा दिवस पावसानं पूर्ण वाया गेला, तेव्हा आईचा फोन आला, "झालं ना गं पाण्याचं?" मी तिला समजावत बसले. न्यूलँड्स टेबल माउंटनच्या कुशीत आहे. तिथे वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि गाडीनं वीस मिनिटांवरच्या विमानतळावर जेमतेम पाचशे. शिवाय धरणं आहेत शहरापासून लांब, डोंगररांगांमध्ये. सगळ्यात मोठं थेवॉटर्सक्लूफ. पाणीपुरवठ्याच्या सहा मोठ्या धरणांची मिळून जेवढी क्षमता, तिच्यातली निम्म्याहून जास्त एकट्या त्याची. तेव्हा त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि मेलेल्या झाडांची खोडं उघडी पडली होती. मैदानावरच्या सरीचा त्याला काही उपयोग नव्हता.

आईचं चुकत नव्हतं. उकाडा असह्य झाला की पाऊस जवळ आला, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. इथे ऊन आणि कोरड जोडीनं येतात. उन्हाळ्यात दक्षिण अटलांटिकवरचा जास्त दाबाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि पाऊस आणणाऱ्या आघाड्यांना खालच्या खाली, समुद्रावरूनच पुढे ढकलतो. हिवाळ्यात तो वर सरकतो, मग थंड हवेच्या आघाड्या पश्चिमेकडून येऊन डोंगरांवर आदळतात. म्हणजे पिकाला, बागेला, माणसाला पाणी सगळ्यात जास्त लागतं तेव्हा आकाश बंद, आणि उघडतं ते थंडीत. भूमध्य समुद्राचा काठ, कॅलिफोर्निया, मध्य चिली आणि ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य कोपरा, अशा मोजक्याच ठिकाणी ही अशी उलटी घडी आहे. अशा मुलखात साठवण हाच पावसाळा. 2015, 2016 आणि 2017 असे तीन हिवाळे लागोपाठ कोरडे गेल्यावर तो पावसाळा संपत आला होता.

म्हणून सगळ्यांचं लक्ष वाळूकडे वळलं. केप फ्लॅट्स म्हणजे टेबल माउंटन आणि आतल्या डोंगररांगा यांच्यामधला सपाट, वालुकामय पट्टा. वाळू कुठे कुठे चाळीस-पन्नास मीटर खोल आहे, आणि तिच्या पोटात पाणी. याच पट्ट्यातल्या फिलिपी भागातले शेतकरी कित्येक पिढ्या त्याच पाण्यावर कोबी, गाजर, फ्लॉवर काढतात आणि भर उन्हाळ्यात ते शेत हिरवंगार असतं. त्या साठ्यातून शहरासाठी किती उपसता येईल, याचा अंदाज बांधायच्या कामात मी होते. फार उपसलं तर दक्षिणेच्या फॉल्स बे या उपसागराकडून खारं पाणी आत शिरणार. त्यामुळे लोकांच्या घरचे वेलपॉइंट दर महिन्याला मोजायचे. वेलपॉइंट म्हणजे वाळूत पाण्याच्या दाबानं उतरवलेला बारीक पाइप, खाली जाळी आणि वर पंप. पंप सोडवायचा, टेप खाली सोडायची, पाणी लागलं की बझर वाजतो. मग नमुना घेऊन क्षार मोजायचे.

चौथं घर फ्लॅट्सवरच्या मिचेल्स प्लेन या वस्तीत होतं. दक्षिणपूर्वेचा वारा असा सुटला होता की गाडीचं दार उघडेना. या वाऱ्याला इथे 'केप डॉक्टर' म्हणतात, शहराची हवा स्वच्छ करतो म्हणून. हाच वारा अटलांटिकच्या बाजूला किनाऱ्याजवळचं वरचं पाणी लोटून देतो आणि खालचं गार पाणी वर येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यात तिकडे समुद्रात पाय घालवत नाही. फ्लॅट्सवर मात्र तो वाळू घेऊन येतो. दातांखाली, वहीत, टेपच्या रिळात, सगळीकडे वाळू.

घरातल्या आंटी सत्तरीच्या पुढच्या. इंग्रजी आणि आफ्रिकान्सची मिसळ करून बोलायच्या, माझी पहिल्या फेरीपासून ओळख. मी टेप काढत होते तेव्हा त्या हात पुसत बाहेर आल्या आणि खुशीत म्हणाल्या, "पोरी, या पाण्याला आता फेस येतोय. ब्लँकेटं किती छान निघाली बघ!"

मी टेप तशीच धरून उभी राहिले.

या वाळूत शिंपल्यांचा चुरा आहे, म्हणजे चुना. त्यामुळे इथलं भूजल जड. साबण नुसता पांढरा गाळ धरतो, फेस धरत नाही. शहराच्या नळाचं पाणी मात्र डोंगरातल्या गारगोटीसारख्या कठीण वालुकाश्मावरून येतं. तो दगड पाण्याला फारसं काही देत नाही, म्हणून ते एकदम हलकं, चिमूटभर साबणाला ओंजळभर फेस. आंटींच्या वेलपॉइंटचं पाणी गेल्या महिन्यापर्यंत शेजाऱ्यांसारखंच जड होतं. पाऊस एक थेंब नाही. मग ते मऊ झालं कशानं?

पातळीत फारसा फरक नव्हता. मीटरनं मात्र बाकीच्या तिन्ही घरांच्या निम्म्याहून कमी क्षार दाखवले. मला आधी माझ्याच मीटरवर शंका आली. प्रमाणित द्रावणात बुडवून पाहिलं, मीटर बरोबर होतं. पुन्हा नमुना घेतला, आकडा तोच.

"आंटी, नळाचं पाणी कसं येतंय?"

त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या नळावर रोजच्या 350 लिटरचं बंधन घालणारं यंत्र बसवलेलं होतं. तेवढं वापरून झालं की धार थांबते ती दुसऱ्या दिवशीपर्यंत. घरात आणि मागच्या अंगणातल्या लाकडी खोलीत मिळून नऊ माणसं. आधी पाणी कसंबसं रात्रीपर्यंत पुरायचं, पण जानेवारीपासून दुपारीच संपायला लागलं. त्यांनी घरात सगळ्यांना बोल लावले होते. सुनेला, नातवंडांना, मागच्या खोलीतल्या भाडेकऱ्यांना. त्या भाडेकऱ्यांशी तर महिनाभर अबोला होता. आणि त्याच दिवसांत वेलपॉइंटचं पाणी गोड झालं, म्हणून त्या देवाचे आभार मानत होत्या. एक दार बंद झालं तर त्यानं दुसरं उघडलं, असं त्यांनी मला सांगितलं.

तो आनंद मोडायचं काम माझ्याकडे आलं. मीटरपासून घरापर्यंतचा पाइप कुठून जातो ते विचारलं. भिंतीलगत, वेलपॉइंटपासून हातभर अंतरावरून. तिथलं गवत हिरवं होतं. पंप शेजारीच असल्यामुळे मी त्या हिरवळीकडे महिनाभर लक्ष दिलं नव्हतं. ती माझी चूक होती आणि मला अजून ती टोचते.

शेजारच्या घरातला त्यांचा पुतण्या प्लंबिंगची कामं करायचा. तो फावडं घेऊन आला. वाळू उपसायला वेळ लागत नाही, पण कडेची वाळू ढासळत राहते, तशी ती ढासळत होती. तेवढ्या वेळात आंटी खुर्ची घेऊन आडोशाला बसल्या आणि बोलत राहिल्या. त्यांचं लहानपण डिस्ट्रिक्ट सिक्समधलं, डोंगराच्या उतारावर, बंदराच्या वर. 11 फेब्रुवारी 1966 ला सरकारनं तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केला. 1950 च्या ग्रुप एरियाज कायद्यानं कोणी कुठे राहायचं ते वंशावरून ठरवता येत होतं. साठ हजारांवर माणसं तिथून हलवली, घरं बुलडोझरनं पाडली, चर्च आणि मशिदी तेवढ्या ठेवल्या. सरकारी कागदांवर 'कलर्ड', म्हणजे मिश्रवंशीय, म्हणून नोंदवलेल्या त्यांच्या कुटुंबाला सत्तरच्या दशकाच्या शेवटी इथे घर मिळालं.

"पहिल्या दिवशी आईनं दार उघडलं आणि वाळू आत आली," त्या म्हणाल्या. "ती म्हणाली, आपल्याला समुद्राच्या तळाशी आणून ठेवलंय."

भूविज्ञानाच्या हिशेबात ते खोटं नाही. ही वाळू समुद्रानं आणि वाऱ्यानंच आणून टाकलेली आहे. एकोणिसाव्या शतकात ती सरकू नये म्हणून ऑस्ट्रेलियाहून अकेशियाची झाडं आणून लावली. ती इतकी माजली की आता पाणी पितात म्हणून डोंगरांतून तोडावी लागतात. डोंगराच्या छायेतली, पावसाची, झऱ्यांची जागा एका वर्णाच्या लोकांनी ठेवून घेतली आणि बाकीच्यांना जिथे पाऊस तिसरा हिस्सा पडतो त्या वाळूवर पाठवलं. पर्जन्यमानाचा नकाशा आणि वस्त्यांचा नकाशा मी आधी अनेकदा शेजारी ठेवून पाहिले होते. त्या दिवशी ते दोन्ही एका अंगणात माझ्यासमोर होते. सर्वांत गरीब झोपडवस्त्या, जिथे सामाईक नळ आहेत, त्या शहराच्या पाण्यातला पाच टक्क्यांहून कमी भाग वापरत होत्या. टंचाईची भीती मात्र सगळ्यांना सारखीच वाटून दिली होती.

साधारण गुडघाभर खोलीवर वाळू ओली लागली. मग पाइपचा जोड दिसला. त्यातून बोटाएवढी बारीक धार, अगदी शांत, वाळूत जिरत होती. शंभर किलोमीटरच्या आसपास अंतरावरून आलेलं धरणाचं पाणी, यंत्रानं मोजून दिलेलं, इथे खाली उतरून वेलपॉइंटच्या जाळीपाशी जमत होतं. आंटी ते पंपानं वर काढून ब्लँकेटं धूत होत्या.

त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून मागच्या खोलीच्या दारावर गेल्या आणि भाडेकरू बाईला हाताला धरून खड्ड्यापाशी घेऊन आल्या. "हे बघ," एवढंच म्हणाल्या. ती बाई रडायला लागली, आंटी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. पुतण्यानं मीटरजवळची चावी बंद करून जोड बदलला.

पाचवं आणि सहावं घर दुसऱ्या दिवशी केलं. अहवालात त्या वेलपॉइंटचा फेब्रुवारीचा नमुना वगळला आणि कारण लिहिलं: घरगुती गळती. दोन शब्दांत संपलं.

जूनमध्ये एकामागून एक आघाड्या आल्या. डोंगर कित्येक दिवस दिसत नव्हता आणि धरणं चढत होती. मी पुन्हा मोजायला गेले तेव्हा अंगणात तळं साचलेलं. फ्लॅट्सवर हिवाळ्यात हेच होतं, वाळूतलं पाणी वर येऊन घरांत शिरतं. उन्हाळ्यात ज्यांचे नळ बंद पडतात, त्यांच्याच घरात हिवाळ्यात पाणी. आंटींनी दाराशी विटा ठेवून वर फळी टाकली होती. भाडेकरू बाई तिच्यावरून चहा घेऊन आली.

टेप सोडली. पातळी फेब्रुवारीपेक्षा मीटरभराहून जास्त वर होती. क्षार शेजारच्या घरांइतकेच. मी आकडे लिहीत असताना आंटींनी पंपाच्या पाण्यात साबणाची वडी घासून हात माझ्यापुढे धरला. तळव्यावर पांढरा गाळ होता.

"फेस नाही," त्या म्हणाल्या. "नळ रात्री दहालाही चालू असतो पण."